नवे ग्राफिक्स कार्ड बसवले, तरी गेम अडखळतो? काय तपासावे आणि कोणत्या क्रमाने



सुट्ट्या आणि मुलांच्या परीक्षा संपल्या की एक प्रश्न आपल्यापैकी अनेक घरांत हमखास ऐकू येतो. "दोन-तीनशे पौंड मोजून नवे ग्राफिक्स कार्ड घेतले, आकडा वाढलेला दिसतो, पण गेम मात्र पूर्वीपेक्षा जास्त अडखळतो. कार्ड खराब निघाले का?" कॉव्हेंट्रीत हा प्रश्न जरा जास्तच जवळचा आहे. 'फोर्झा होरायझन' मालिका करणारी प्लेग्राउंड गेम्स शेजारच्या लेमिंग्टन स्पामध्ये आहे आणि १९८६ साली स्थापन झालेल्या कोडमास्टर्सने साउथममध्ये राहून वर्षानुवर्षे मोटारशर्यतींचे गेम काढले. अशा गेममध्ये ऐन वळणावर चित्र क्षणभर थांबले की गाडी सरळ कठड्यावर!

बहुतेक वेळा कार्ड खराब नसते. बाकीच्या संगणकातला आधीपासूनचा कच्चा दुवा नव्या कार्डामुळे उघडा पडलेला असतो. तो सापडण्याआधीच पुन्हा खर्च करू नये, आणि तो शोधताना कार्ड परत करण्याची मुदतही टळू देऊ नये, यासाठी आम्ही ही माहिती एकत्र करून देत आहोत. क्रम फुकटच्या उपायांपासून खर्चाच्या उपायांकडे ठेवला आहे. कृपया याच क्रमाने जावे.

१. अडखळणे म्हणजे नेमके काय?

गेमचे चित्र म्हणजे एकामागून एक येणाऱ्या फ्रेम. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर प्रत्येक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांत तयार व्हावी लागते, १४४ हव्या असतील तर ६.९ मिलिसेकंदांत. समजा पहिल्या ५९ फ्रेम ०.८ सेकंदात आल्या आणि शेवटच्या एकीला ०.२ सेकंद लागले. कोपऱ्यातला आकडा ६०च दाखवील, डोळ्याला मात्र झटका बसेल. म्हणून सरासरी आकड्यावर विसंबू नये. २०११ मध्ये 'टेक रिपोर्ट' या संकेतस्थळावर स्कॉट वॉसन यांनी प्रत्येक फ्रेमला लागलेला वेळ मोजून हाच मुद्दा मांडला. त्यानंतर कार्डांच्या परीक्षणात ही मोजणी रूढ झाली. आज इंटेलचे 'प्रेझेंटमॉन' किंवा 'कॅपफ्रेमएक्स' ही मोफत साधने घरच्या घरी तोच आलेख काढून देतात. आलेखाची रेघ सपाट हवी. मध्येच उंच काटे दिसले तर तेच अडखळणे.

इंटरनेटचा दोष आधी वेगळा काढा. ऑनलाइन गेममध्ये समोरचे खेळाडू उड्या मारत पुढे-मागे सरकतात, पण आपला कॅमेरा फिरवताना चित्र गुळगुळीत फिरते, तर दोष वाय-फायचा. राउटर पुढच्या खोलीत आणि संगणक वरच्या बॉक्स रूममध्ये असेल तर एक लांब केबल टाकून पाहावी. सगळेच चित्र थांबत असेल तर पुढे वाचा.

२. पूर्वी बरे चालत होते, मग आताच का?

पंगतीच्या पोळ्यांचे उदाहरण घ्या. एकजण लाटतो, दुसरा भाजतो. संगणकाचा प्रोसेसर लाटणारा आणि ग्राफिक्स कार्ड भाजणारा. पूर्वी भाजणारा सावकाश होता, त्यामुळे लाटणाऱ्याला उसंत मिळे आणि पोळ्या कमी पण ठरावीक अंतराने येत. आता तवा मोठा आला, आच वाढली, लाटणारा मात्र तोच. तो जीव तोडून लाटतो, आणि मध्येच कोणी "जरा पाणी द्या" म्हटले की तवा रिकामा तापत राहतो. विंडोजचे अपडेट, व्हायरस तपासणी, ब्राउझर ही सगळी पाणी मागणारी मंडळी. जुने कार्ड असताना त्यांचा त्रास जाणवत नव्हता, आता प्रत्येक वेळी जाणवतो.

याचे एक ठळक उदाहरण म्हणजे इंटेलचे आर्क बी५८० कार्ड. डिसेंबर २०२४ मध्ये ते बाजारात आले तेव्हा किमतीच्या मानाने त्याचे कौतुक झाले. पण ते बहुतेक परीक्षकांनी महागड्या, नव्या प्रोसेसरवर तपासले होते. जानेवारी २०२५ मध्ये काहींनी तेच कार्ड रायझन ५ ५६०० सारख्या जुन्या, मध्यम प्रोसेसरवर चालवून पाहिले आणि काही गेममध्ये वेग बराच खाली आला. कार्ड तेच, लाटणारा वेगळा.

३. पहिल्या एक-दोन दिवसांचे अडखळणे

गेममधल्या प्रकाश, पाणी, धूर यांसाठी 'शेडर' नावाचे छोटे प्रोग्राम असतात. ते आपल्या कार्डासाठी आणि ड्रायव्हरसाठी तयार करून साठवले जातात. कार्ड बदलले की जुना साठा निरुपयोगी होतो आणि सगळे पुन्हा तयार करावे लागते. त्यामुळे प्रत्येक नव्या जागी, प्रत्येक नव्या स्फोटाला झटका बसतो. त्याच जागी दुसऱ्यांदा गेल्यावर झटका नाहीसा झाला, तर कारण हेच. सुरुवातीला गेम शेडर तयार करत असल्याचे सांगत असेल तर ते काम मध्येच तोडू नका. दोन दिवस खेळूनही त्याच त्याच जागी झटके येत राहिले तर पुढच्या पायरीकडे वळा.

४. पंधरा मिनिटांची फुकट तपासणी

पेटी उघडण्यापूर्वी संगणक बंद करून भिंतीवरचा स्विच बंद करावा आणि एकदा पेटीच्या धातूला हात लावावा.

• मॉनिटरची केबल नव्या कार्डात आहे ना? घाईत ती मदरबोर्डच्या जुन्या जागी लागते आणि नवे कार्ड नुसते बसून राहते.
• विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये मॉनिटरचा रिफ्रेश रेट पाहा. कार्ड बदलल्यावर १४४ हर्ट्झचा मॉनिटर कधीकधी ६० वर येऊन बसतो.
• कार्ड प्रोसेसरच्या जवळच्या लांब खाचेत आहे ना? खालच्या खाचेला बहुधा कमी लेन जोडलेल्या असतात.
• कार्डाला वीज देण्याच्या दोन जागा असतील तर पॉवर सप्लायमधून दोन स्वतंत्र केबली आणाव्यात. एकाच केबलच्या दोन शेपट्या वापरणे टाळावे.
• मेमरीची एकच पट्टी आहे का? दोन पट्ट्या जोडीने लावल्यास प्रोसेसरला मेमरी दुप्पट रुंद वाटेने मिळते. चार खाचा असतील तर बहुधा दुसरी आणि चौथी वापरतात. मदरबोर्डचे पुस्तक पाहावे.
• गेमवर दिसणारी ओव्हरले, रेकॉर्डिंग आणि दिव्यांचे रंग बदलणारी सॉफ्टवेअरे एकेक करून बंद करून पाहावीत.

५. जुने ड्रायव्हर पुसून टाका

एनव्हिडियाचे कार्ड काढून एएमडीचे किंवा इंटेलचे बसवले असेल, तर जुन्या ड्रायव्हरचे अवशेष मागे राहतात. 'डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर' हे मोफत साधन ते साफ करते. आधी नवा ड्रायव्हर कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून उतरवून ठेवा, इंटरनेट तोडा, संगणक सेफ मोडमध्ये सुरू करून सफाई करा आणि मग नवा ड्रायव्हर बसवा.

महत्त्वाचे: सेफ मोडमध्ये जाताना किंवा बायोसमध्ये बदल केल्यावर विंडोज बिटलॉकरची रिकव्हरी की मागू शकते. ती आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून आधीच कागदावर उतरवून ठेवा. की नसेल तर भारतभेटीचे फोटो आणि मुलांचा अभ्यास, सगळे कुलपात अडकेल.

विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. संगणक पात्र असेल तर विंडोज ११ वर जाण्याचा विचार करावा. पण कार्ड आणि विंडोज एकाच दिवशी बदलू नये, नाहीतर दोष कोणाचा ते कळत नाही.

६. दोष प्रोसेसरचा की कार्डाचा? एक सोपी चाचणी

गेममधला वेगाचा सगळा बंध काढा आणि एकाच जागी उभे राहून आकडा लिहून घ्या. मग रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. आकडा चांगला वाढला तर मर्यादा कार्डाची होती. जवळपास तितकाच राहिला तर मर्यादा प्रोसेसरची. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर ४० टक्केच दिसला तरी फसू नका. ती सगळ्या कोअरची सरासरी असते, त्यातला एखादा कोअर पूर्ण भरलेला असू शकतो.

प्रोसेसरची मर्यादा असेल तर लगेच नवा घ्यायला नको. वेग ७० ते ११० मध्ये वरखाली होत असेल तर ६० किंवा ७० वर बांधून टाका. लाटणाऱ्याला उसंत मिळते आणि फ्रेम समान अंतराने येतात. गर्दी, दूरची दृश्ये आणि रे ट्रेसिंग कमी करा, कारण हे प्रोसेसरवरही ओझे टाकतात. फ्रीसिंक किंवा जी-सिंक असलेला मॉनिटर असेल तर ते चालू करा.

७. कार्डाची मेमरी आणि लेन

आठ जीबीच्या कार्डावर नव्या गेममध्ये टेक्श्चर 'अल्ट्रा' ठेवले तर मेमरी भरते. उरलेला माल संगणकाच्या मुख्य मेमरीतून ये-जा करू लागतो आणि झटके बसतात. टेक्श्चर एक पायरी खाली आणल्यावर झटके थांबले तर हेच कारण.

इथे मदरबोर्डचे वयही आड येते. २०२३ मध्ये आलेले आरटीएक्स ४०६० आठ लेनवर चालते. पीसीआय एक्स्प्रेस ४.० च्या बोर्डावर त्याला सेकंदाला साधारण १६ जीबीची वाट मिळते, ३.० च्या बोर्डावर त्याच्या निम्मी. मेमरी पुरेशी असताना फरक थोडाच पडतो, भरल्यावर मात्र जाणवतो. २०२२ च्या आरएक्स ६५०० एक्सटीला तर चारच लेन आणि चार जीबी मेमरी आहे. जुन्या संगणकासाठी ते स्वस्त दिसले तरी विचार करून घ्यावे.

गेम जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर असेल तर तो एसएसडीवर हलवा. खर्चाच्या उपायांत हा सगळ्यात स्वस्त.

८. बायोसमधल्या तीन गोष्टी

पहिली, मेमरीचा एक्सएमपी किंवा एक्स्पो प्रोफाइल. तो बंद असेल तर मेमरी पेटीवर छापलेल्या वेगापेक्षा सावकाश चालते. दुसरी, रिसाइझेबल बार. इंटेल आर्क कार्डासाठी ते चालू असणे जवळजवळ आवश्यक आहे. तिसरी गोष्ट एएमडी रायझनवाल्यांसाठी. एफटीपीएममुळे काही संगणक अधूनमधून क्षणभर थिजतात, आवाजासकट, हे एएमडीने मार्च २०२२ मध्ये मान्य केले आणि त्या मे महिन्यापासून बोर्ड कंपन्यांनी दुरुस्त बायोस द्यायला सुरुवात केली. त्यापूर्वीचा बायोस असलेल्या संगणकात कितीही महाग कार्ड घातले तरी हा झटका जात नाही. बायोस अपडेट करताना वीज जाऊ देऊ नये.

९. उष्णता

पहिली दहा मिनिटे सुरळीत आणि मग झटके, असे असेल तर तापमान पाहा. थंडीत रेडिएटरला चिकटून ठेवलेली पेटी आणि उन्हाळ्यात लॉफ्टमधली खोली, दोन्ही वाईट. धूळ काढा, मागे वीतभर जागा सोडा. खेळताना संगणक एकदम बंदच पडत असेल तर पॉवर सप्लाय अपुरा पडतो आहे का ते तपासावे.

१०. परत करायचे की ठेवायचे?

मुदती आधी कॅलेंडरवर लिहा.

• ऑनलाइन घेतलेले कार्ड मिळाल्यापासून १४ दिवसांत कारण न देता रद्द करता येते (२०१३ चे नियम). मात्र गरजेपेक्षा जास्त हाताळणीने किंमत घटली तर दुकानदार काही रक्कम कापू शकतो. पेटी आणि वेष्टन जपून ठेवा.
• कार्ड खरोखर सदोष असेल तर २०१५ च्या कन्झ्युमर राइट्स ॲक्टनुसार ३० दिवसांत ते नाकारून पूर्ण पैसे मागता येतात. त्यानंतर दुकानदाराला दुरुस्तीची किंवा बदलून देण्याची एक संधी द्यावी लागते.
• कार्ड चांगले आहे पण आपला प्रोसेसर जुना, हा कायद्याच्या भाषेत दोष नव्हे. दुकानात जाऊन घेतले असेल तर केवळ मन बदलले म्हणून परत घेणे त्यांच्यावर बंधनकारक नाही.
• खासगी व्यक्तीकडून घेतलेले जुने कार्ड वर्णनाप्रमाणे असावे, एवढाच मुख्य आधार असतो. चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.
• भारतातून येताना आणलेल्या कार्डासाठी इथल्या दुकानदाराकडे दाद मागता येत नाही. वॉरंटी इथे चालते का, हे कंपनीला खरेदीपूर्वी विचारावे.

कार्डच खराब आहे का, याची खात्री करण्याचा उत्तम मार्ग म्हणजे ते मित्राच्या नव्या संगणकात तासभर चालवणे. तिथेही अडखळले, किंवा पडद्यावर रंगीत ठिपके आले, तर विनाविलंब दुकानदाराला लेखी कळवा. तिथे सुरळीत चालले तर कार्ड ठेवा आणि वरची यादी पुन्हा एकदा पाहा. दुकानदार ऐकत नसेल तर सिटिझन्स ॲडव्हाइसची ग्राहक मदतवाहिनी ०८०८ २२३ ११३३ वर मोफत सल्ला देते.

थोडक्यात लक्षणे आणि कारणे

नव्या जागीच झटका, दुसऱ्यांदा नाही: शेडर.
रिझोल्यूशन उतरवूनही आकडा तोच: प्रोसेसर किंवा मेमरी.
टेक्श्चर कमी केल्यावर बरे: कार्डाची मेमरी.
काही वेळाने सुरू होते: उष्णता.
गेमबाहेरही, आवाजासकट थिजते: बायोस.

एका वेळी एकच बदल करा, आधीचा आणि नंतरचा आकडा वहीत लिहा. संगणक शिकणाऱ्या मुलामुलींकडूनच ही वही करून घ्यावी, असे आम्ही सुचवतो. कार्डापेक्षा ती जास्त काळ उपयोगी पडेल.