जुनी वाइन आणि दारूबंदीची मुंबई
मंडळी, आम्ही दोन पेले मुद्दाम शेजारी ठेवलेत. नवी रेड जांभळट, जुनी विटकरी, तळाशी गाळ. तो दोष नव्हे. वर्षानुवर्षं टॅनिन आणि रंग एकत्र येऊन खाली बसतात. पण आपल्याकडे जुनी बाटली मिळणार किती? 1949चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि गिरगाव-लालबागेत प्यायची ती चोरून, बहुधा हातभट्टीची. वाइन मुरवत ठेवणार कोण? नारायणगावचा कारखाना 1980च्या दशकातला, नाशिकच्या सुलाची पहिली वाइन 2000ची, राज्याचं द्राक्ष-वाइन धोरण 2001चं. म्हणजे आपलं ‘जुनं’ फार तर चाळीस वर्षांचं! त्यात परळच्या खोलीतला उकाडा. माळ्यावर जपलेली बाटली मुरत नाही, शिजते. कायद्याचं नाव तेवढं बदललं. प्यायला परवाना आजही लागतो.