शब्दवेध : स्लॉप

‘स्लॉप’ हा इंग्रजी शब्द नुसता उच्चारला तरी काहीतरी पचकन सांडल्यासारखं वाटतं. मूळ अर्थ चिखल, राड. त्याचं जुनं नातं एका फुलाच्या नावात दडलंय. इंग्लंडच्या कुरणांत वसंतात फुलणारं नाजूक पिवळं काउस्लिप, शेक्सपिअरच्या नाटकातला एरिअल ज्यात पहुडतो ते, जुन्या इंग्रजीत ‘कूस्लिप्पे’ होतं. म्हणजे चक्क गाईचं शेण!

पुढे शब्द घरात शिरला. बशीत सांडलेला चहा, आजाऱ्याची पांचट पेज, डुकरांपुढे ओतायचं खरकटं, सगळंच स्लॉप. व्हिक्टोरियन काळातल्या मोलकरणी सकाळी झोपायच्या खोल्यांतून झाकणाची ‘स्लॉप-पेल’ घेऊन फिरत. तोंड धुतलेलं पाणी त्यात जाई आणि रात्रीच्या भांड्यातलंही. ‘स्लॉपी’ म्हणजे गचाळ. रडका, गुळमट सिनेमाही स्लॉपीच. खलाशांच्या तयार कपड्यांना ‘स्लॉप्स’ म्हणत, पण ते घराणं वेगळं.

ऑस्ट्रेलियानं मात्र त्याला भलत्याच चांगल्या कामाला जुंपलं. त्वचेच्या कर्करोगाविरुद्ध १९८१ साली घोषणा आली, ‘स्लिप, स्लॉप, स्लॅप’ : सदरा चढवा, क्रीम थापा, टोपी घाला.

आता यंत्रानं ढिगानं ओतलेल्या सुमार मजकुराला, चित्रांना स्लॉप म्हणतात. चपखल आहे, फक्त डुकरांवर थोडा अन्याय होतो. मेरियम-वेबस्टर कोशानं २०२५चा शब्द म्हणून ‘स्लॉप’च निवडला, ऑस्ट्रेलियाच्या मॅक्वारी कोशानं ‘एआय स्लॉप’.