‘बोलेटस’ हे नाव कोणाचे?

युरोपातील ओक, बीच आणि पाइन वृक्षांच्या वनांत उन्हाळा संपताना भूछत्रे उगवू लागतात. त्यांतील एक गट चटकन वेगळा दिसतो. या भूछत्रांच्या छत्रीखाली नेहमीचे उभे पापुद्रे नसतात, तर बारीक छिद्रांचा स्पंजासारखा थर असतो. आज आपण या गटाला ‘बोलेटस’ या नावाने ओळखतो. ‘पोर्चिनी’ म्हणून वाळवून विकली जाणारी भूछत्रे याच गटातली. ओळखण्यास सोप्या वाटणाऱ्या या गटाचा इतिहास मात्र नावांच्या गोंधळाचा आहे; आणि हा गोंधळ केवळ कोशातला नाही, पंक्तीत बसणाऱ्याच्या जिवाशी त्याचा संबंध आहे.

इ. स. ५४ मध्ये रोमन सम्राट क्लॉडिअस मरण पावला. त्याला ‘बोलेटस’मधून विष दिले गेले, अशी हकीकत टॅसिटस आणि सुएटोनिअस या इतिहासकारांनी नोंदवली आहे. आजचा वाचक येथे स्पंजासारखे भूछत्र डोळ्यांसमोर आणील, तर तो फसेल. रोमन लोकांचे बोलेटस म्हणजे केशरी टोपीचे, पापुद्रे असलेले, आज ‘अमानिटा सिझेरिया’ म्हणून ओळखले जाणारे भूछत्र होय. ते उत्तम खाद्य; पण युरोपात सर्वाधिक बळी घेणारे ‘अमानिटा फॅलॉइडिस’ हे त्याचेच सगोत्र.

मग स्पंजवाल्या भूछत्रांना रोमन लोक काय म्हणत? त्यांचे नाव ‘सुइलस’, म्हणजे डुकराचे, असे सामान्यतः मानले जाते. यजमान स्वतः बोलेटस खातो आणि पाहुण्याला डुकराचे भूछत्र वाढतो, अशी तक्रार मार्शल या कवीने एका कवितेत केली आहे. आपल्याकडेही खाण्याची ती अळंबी आणि टाकण्याची ती ‘कुत्र्याची छत्री’, असा भेद प्राण्याच्या नावानेच होतो. गंमत अशी, की ‘पोर्चिनी’ या इटालियन शब्दाचा अर्थही ‘डुकराची पिल्ले’ असाच आहे. पदार्थाची प्रतिष्ठा वाढली, तरी नावातला डुक्कर काही सुटला नाही.

लिनिअसने १७५३ साली ‘बोलेटस’ हे नाव छिद्रे असलेल्या भूछत्रांना दिले. ‘सुइलस’ हे नाव १८२१ मध्ये ग्रे या इंग्रज अभ्यासकाने याच परिवारातील दुसऱ्या एका प्रजातीला लावले. अशा रीतीने दोन्ही जुने शब्द टिकले, पण त्यांचे मूळ धनी बदलले. जुने ग्रंथ वाचताना आणि अनुवादताना हे ध्यानी न ठेवल्यास एकाचे विष दुसऱ्याच्या माथी मारले जाते.

नाव इतके चंचल असेल, तर ओळख कशावर ठरवावी? पिएर ब्युलिआर या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने रंगीत छापील चित्रांचा आधार घेतला. त्याने १७८२ मध्ये ‘बोलेटस एड्युलिस’ म्हणजे खाण्याजोगा, आणि १७८८ मध्ये ‘बोलेटस फेलेअस’ म्हणजे पित्तासारखा कडू, अशी नावे दिली. दोन्ही दिसायला सारखीच. परंतु पहिल्याच्या देठावरील जाळी पांढरी, तर दुसऱ्याची गडद असते. शिवाय दुसऱ्याची छिद्रे वयानुसार गुलाबी होत जातात. कडू भूछत्राने माणूस मरत नाही; मात्र एकच तुकडा सगळे पातेले वाया घालवतो.

भीतीनेही नावे घडवली. १८३१ मध्ये लेन्झ या जर्मन अभ्यासकाने लाल छिद्रांच्या एका भूछत्राचे वर्णन केले. त्याच्या वासानेच आपल्याला बरे वाटेनासे झाले, असे त्याला वाटले. म्हणून त्याने त्याला ‘सैतानाचे’ हे नाव दिले. त्याने वांत्या-जुलाब होतात हे खरेच. शिवाय कापल्यावर ते निळे पडते. ‘निळे पडेल ते विषारी’ हा समज लोकांत रूढ आहे. परंतु ओझोनचा शोध लावणाऱ्या शोनबाइनने १८५६ मध्येच या निळाईचा अभ्यास करून तिचा संबंध ऑक्सिजनशी जोडला होता. कापलेल्या गरातील द्रव्यांचा हवेशी संयोग होतो, एवढाच तिचा अर्थ. निळी पडणारी काही बोलेटस आवडीने खाल्ली जातात, आणि कडू फेलेअस मात्र निळे पडत नाही. सोपा नियम दोन्ही बाजूंनी खोटा ठरतो.

२०१४ मध्ये क्यू येथील दोन संशोधकांनी लंडनमध्ये विकत घेतलेल्या चिनी पोर्चिनीच्या एका पाकिटातील १५ तुकड्यांचे डीएनए तपासले. त्यांत तीन जाती निघाल्या आणि तिन्ही शास्त्राला अनामिक होत्या. त्यांपैकी एकीला ‘बोलेटस शियोंग’ हे नाव मिळाले. शियोंग म्हणजे चिनी भाषेत ‘खाण्याजोगा’. ब्युलिआरचाच शब्द २३२ वर्षांनी दुसऱ्या भाषेत परत आला. तोवर ते भूछत्र गोळा करणारे, वाळवणारे आणि शिजवणारे हात शास्त्रीय नावावाचून अडले नव्हते. त्यांच्यापाशी नाव नव्हते असे नाही. चिनी लोक या गटाला ‘बैलाचे यकृत’ म्हणतात. नाव ही ओळखीची नोंद असते. ओळख मात्र प्रत्येक वेळी देठ, छिद्रे आणि गर पाहून नव्यानेच पटवावी लागते. क्लॉडिअसच्या ताटातले भूछत्र ‘बोलेटस’च होते, हे विसरून चालत नाही.