पांडवलेण्यातून सोपाऱ्याला

नाशिकला समुद्र नाही. पण समुद्रकाठच्या एका शहराचा पत्ता मात्र आपल्या पांडवलेण्यांत दगडावर कोरून ठेवलेला आहे. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा लेख आहे. काळ इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाचा. आपण काय काय दानधर्म केला, याची लांबलचक यादीच त्याने दिली आहे. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक या ठिकाणी चौसोपी धर्मशाळा बांधल्या, बागा लावल्या, तळी-विहिरी खोदल्या. यातले भरुकच्छ म्हणजे भडोच, दशपूर म्हणजे मंदसोर, गोवर्धन आपल्या नाशिकजवळचे आणि शूर्पारक म्हणजे आजचे नालासोपारा.

याच यादीत दमण, तापी, डहाणुका अशा नद्यांची नावे येतात. त्या नद्यांवर उषवदाताने होड्यांची फुकट सोय केली आणि दोन्ही काठांवर निवारे नि पाणपोया उभारल्या. घोड्यावरच्या सरदाराला उताराचे पैसे द्यायला अडचण नव्हती. अडायचा तो पायी चालणारा, डोक्यावर बोचके घेतलेला माणूस. म्हणून हा लेख मला पायी प्रवाशांचा लेख वाटतो.

फाल्गुन सरता सरता, ऊन फार चढायच्या आत, एखाद्या रविवारी या पत्त्यावर जाऊन पाहावे. कल्याण, दादर असे करत नालासोपाऱ्याला उतरायचे आणि पश्चिमेला चालू लागायचे. आधी इमारती, रिक्षा, बाजार. बंदराची खूण शोधू म्हणाल तर मिळत नाही, कारण खाडी केव्हाच गाळाने भरली. ग्रीक प्रवासवर्णनांत ज्याचे नाव येते, जिथून पश्चिमेच्या देशांशी व्यापार चालला, त्या बंदरात आता पायच बुडत नाहीत! पुढे मूळ सोपारा गाव लागते. चक्रेश्वराच्या तळ्याकाठी जुन्या मूर्ती दिसतात आणि मग शहराचे वय हळूहळू कळू लागते.

हे वय पहिल्यांदा नीट ओळखले ते पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी. जुनागढचा हा माणूस (१८३९–१८८८). गिरनारच्या पायथ्याच्या शिळेवरचा अशोकाचा लेख त्यांनी तरुणपणीच अभ्यासला होता. पुढे मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासाठी त्यांनी देशभर हिंडून शिलालेखांचे ठसे घेतले. आपल्या पांडवलेण्यांतले लेखही त्यांनी वाचले, आणि नाशिकच्या जुन्या गॅझेटियरमध्ये ते काम छापलेले आहे. गॅझेटियरचे संपादक जेम्स कॅम्पबेल यांना ठाणे जिल्ह्याच्या खंडासाठी सोपाऱ्याची माहिती हवी होती. त्या निमित्ताने १८८२ च्या एप्रिलमध्ये, म्हणजे ऐन चैत्रात, सोपाऱ्यात शोध सुरू झाला.

गावाजवळ विटांचा एक टेकाडवजा ढीग होता. लोक त्याला 'बुरुड राजाचा कोट' म्हणत. टोपल्या विणणाऱ्या बुरुडाचा आणि राजाचा काय संबंध? पण शूर्प म्हणजे सूप, आणि सुपे विणतो तो बुरुड. शूर्पारक हे नाव लोकांच्या तोंडी असे गोष्टीच्या रूपाने उरले असेल, असे मला तरी वाटते. भगवानलालांनी तो ढीग खणला आणि आत निघाला बौद्ध स्तूप. मधोमध दगडी करंडक होता. त्यात बुद्धाच्या आठ लहान मूर्ती होत्या आणि एकात एक बसवलेल्या तांबे, चांदी, दगड, स्फटिक व सोने यांच्या डब्या होत्या. शेवटच्या, सोन्याच्या डबीत काय असावे? मातीच्या भांड्याचे तेरा इवले तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून कुणीतरी ते इतके जपले होते. सोबत यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणेही मिळाले. हा ऐवज मुंबईला एशियाटिक सोसायटीत गेला. तो सुरक्षित राहिला हे खरेच, पण नुसता विटांचा ढीग पाहणाऱ्याला त्याचे मोल कळणे कठीण.

त्याच महिन्यात, जुन्या बंदराच्या बाजूला, भाटेला तळ्याजवळ अक्षरे कोरलेला एक फुटका दगड हाती आला. गिरनारची अक्षरे डोळ्यांत बसलेल्या भगवानलालांनी तो ओळखला. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तो तुकडा होता. आता या आठव्या लेखात काय आहे, पाहा. पूर्वीचे राजे शिकारीसाठी, मौजेसाठी सहलीला निघत. अशोक मात्र राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनी बोधिवृक्षाकडे गेला आणि तेव्हापासून त्याच्या सहलींची रीत बदलली. श्रमण-ब्राह्मणांना भेटणे, वृद्धांना मदत करणे, खेड्यापाड्यांतल्या लोकांशी बोलणे यांसाठी तो निघू लागला. अशोकाच्या चौदा लेखांपैकी प्रवासावरचा हाच लेख बंदराच्या गावात सापडावा, हा निव्वळ योगायोग आहे. पण मोठा गोड योगायोग!

पुढे १९५६ मध्ये जवळच्याच भुईगावात नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सोपाऱ्याचा अशोकलेख पाहायला मिळतो. दोन लेखांचे तुकडे मिळाले, त्याअर्थी सगळी चौदा लेखांची मालिका इथे कोरलेली असावी, असे अभ्यासक मानतात. बाकीचे दगड अजून तिकडेच कुठेतरी असतील, एखाद्या तळ्याच्या गाळात, विहिरीच्या बांधकामात, नाहीतर कुणाच्या परसात धुणे धुवायला घातलेले.