फाइल सेव्ह होत नाही? स्क्रीनवर दिसणारं कारण खरं असेलच असं नाही

नवीन फाइल तयार केली, पहिल्यांदाच सेव्ह करायला गेलं आणि विंडोजने सांगितलं, 'फाइल नॉट फाउंड. चेक द फाइल नेम अँड ट्राय अगेन.' जी फाइल अजून जन्मालाच आलेली नाही, ती सापडणार कुठून? नाव बदलून पाहिलं, कॉम्प्युटर रिस्टार्ट केला, तरी मेसेज तोच. या गडबडीत बऱ्याचदा विंडो बंद होते आणि दोन तासांचं काम जातं.

या मेसेजमागे अनेकदा 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' नावाची सोय असते. मायक्रोसॉफ्टने ती 2017 मध्ये विंडोज 10 मध्ये आणली. फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरने त्याच वर्षी जगभर धुमाकूळ घातला होता. ही सोय चालू असेल तर डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा फोल्डरमध्ये विंडोजला ओळखीच्या नसलेल्या सॉफ्टवेअरला काहीही लिहिता येत नाही. म्हणजे खरं कारण असतं 'परवानगी नाही' आणि स्क्रीनवर दिसतं 'फाइल सापडली नाही'.

खात्री करणं सोपं आहे. तीच फाइल डी ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या एखाद्या साध्या फोल्डरमध्ये सेव्ह करून बघा. तिथे झाली तर संशय या पहारेकऱ्यावरच घ्यायचा. 'विंडोज सिक्युरिटी' उघडून 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मध्ये जा, तिथे 'मॅनेज रॅन्समवेअर प्रोटेक्शन' सापडेल. त्यात फक्त त्या एका सॉफ्टवेअरला परवानगी देता येते. पहाराच बंद करून टाकण्याचा सल्ला अनेक व्हिडिओंमध्ये दिला जातो, पण तो घेऊ नये. ऑफिसचा कॉम्प्युटर असेल तर हे काम तिथल्या आयटीवाल्यांवर सोपवा.

मग मेसेज चुकीचा का येतो?

फाइल डिस्कवर लिहिण्याचं काम सॉफ्टवेअर स्वतः करत नाही, ते ऑपरेटिंग सिस्टमला सांगतं. काम फसलं की सिस्टम एक आकडा परत देते. विंडोजमध्ये 2 म्हणजे फाइल सापडली नाही, 5 म्हणजे परवानगी नाही, 32 म्हणजे फाइल दुसरं कोणी वापरतंय, 112 म्हणजे डिस्कवर जागा नाही. त्या आकड्याचं वाक्य करून दाखवणं ही बहुतेक वेळा सॉफ्टवेअरची जबाबदारी. प्रोग्रामरने दोन-चार शक्यताच गृहीत धरल्या असतील तर पाचवी अडचणही त्यातल्याच एखाद्या वाक्यात कोंबली जाते. जुन्या युनिक्स सिस्टमवर तर ईमेल पोहोचला नाही की कधीकधी 'नॉट अ टाइपरायटर' असं उत्तर यायचं. टाइपरायटरचा त्या पत्राशी काडीचाही संबंध नव्हता. आधीच्या कुठल्यातरी तपासणीत उरलेला एररचा आकडा प्रोग्रामने तसाच वाचून दाखवलेला असायचा.

त्यामुळे मेसेज काहीही असो, आधी विंडो बंद करू नका. 'सेव्ह ॲज' करून वेगळं, छोटं नाव आणि वेगळी जागा द्या. तेही जमलं नाही तर सगळा मजकूर कॉपी करून स्वतःलाच मेल करा. कारण शोधायला नंतर वेळच वेळ आहे.

वर्डचा एक मेसेज असाच घाबरवतो. फाइल स्वतःच्याच कॉम्प्युटरवर असताना तो नेटवर्क किंवा परवानगीची अडचण आहे असं सांगतो. वर्ड मूळ फाइलवर थेट लिहीत नाही. आधी तात्पुरती फाइल बनवतो आणि मग तिला मूळ नाव देतो. नेमक्या त्या क्षणी अँटिव्हायरसने किंवा क्लाउडवर कॉपी करणाऱ्या ॲपने फाइल धरून ठेवली, तर काम अडतं. थोडं थांबून दुसऱ्या नावाने सेव्ह केलं की बहुधा होऊन जातं.

जागा आहे, तरी 'जागा नाही'?

लग्नाचा 6 जीबीचा व्हिडिओ 32 जीबीच्या रिकाम्या पेन ड्राइव्हवर जात नाही, हा अनुभव अनेकांना आलेला असतो. पेन ड्राइव्ह फॅट32 पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर एकेक फाइल 4 जीबीपेक्षा मोठी चालत नाही, मग बाकी जागा कितीही असो. विंडोज एक्सपी अशा वेळी सरळ 'डिस्कवर जागा नाही' म्हणायचं आणि लोक बिचारे जुने फोटो डिलीट करत बसायचे. आताचं विंडोज फाइल फार मोठी असल्याचं सांगतं. ड्राइव्हवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये पाहिलं की फाइल सिस्टम कळते. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलं की ही मर्यादा जाते, पण ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, म्हणून आधी कॉपी काढून ठेवा. काही जुने टीव्ही एक्सफॅट वाचत नाहीत, हेही तपासा.

लिनक्सवर याचा वेगळा प्रकार दिसतो. लाखो बारीक फाइल्स साठल्या की जागा शिल्लक असते, पण नव्या फाइलची नोंद ठेवायला लागणारे आयनोड संपतात. मेसेज मात्र 'जागा नाही' हाच.

मराठी नावांची अडचण

विंडोजमध्ये ड्राइव्हपासून फाइलपर्यंतचा पूर्ण पत्ता साधारण 260 अक्षरांत बसावा लागतो. 2016 पासून विंडोज 10 मध्ये ही मर्यादा उठवता येते, पण प्रत्येक सॉफ्टवेअर ते मानत नाही. एक्सेलची मर्यादा तर 218 अक्षरांचीच आहे. फोल्डरमध्ये फोल्डर करत गेलं की ती नकळत ओलांडली जाते आणि मेसेज येतो, 'पाथ सापडला नाही'. फोल्डर तर डोळ्यांसमोर असतो!

लिनक्समध्ये फाइलच्या नावाला सहसा 255 बाइट मिळतात. इंग्रजी अक्षराला 1 बाइट लागतो, देवनागरीला 3, आणि काना, मात्रा, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. 'महाराष्ट्र' या एका शब्दाचे असे 10 घटक होतात, म्हणजे 30 बाइट. त्यामुळे मराठी नाव 85 घटकांतच संपवावं लागतं. बातमीचा अख्खा मथळा नाव म्हणून दिलेली फाइल विंडोजवर सुरळीत उघडते आणि लिनक्सवर कॉपी होत नाही, ती यामुळे. नाव दोन-तीन शब्दांचं केलं की तीच फाइल निमूटपणे जाते.