मुरंजनाची वाट

पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या २३ किल्ल्यांची यादी मी वर्गात एका दमात म्हणून दाखवीत असे. त्यातला प्रबळगड, म्हणजेच जुना मुरंजन, पनवेलच्या आमच्या शाळेच्या ओसरीवरून दिसतो. एकदा एका पोराने विचारले, ‘गुरुजी, तुम्ही वर गेलाय?’ मला मान खाली घालावी लागली.

भाद्रपदात ठाकूरवाडीहून निघालो. उंची सारी तेवीसशे फूट, पण चिखल! एक वहाण तर त्याने ठेवूनच घेतली. माचीवरच्या ठाकर गड्याने ती उपसून दिली. म्हणाला, ‘हातात घ्या गुरजी, अंगठा रोवा.’ माथ्यावर पाय रुतेल तिथे पाणी, आणि दाट रानात घरांची जोती.

१६३६ साली निजामशाही सावरू पाहणारे शहाजीराजे मोगल व आदिलशाही फौजांच्या कैचीत सापडले. चौलच्या फिरंग्यांनी आसरा नाकारला, तेव्हा ते या गडावर आले. जिजाबाई आणि सहा वर्षांचे शिवबा बरोबर होते, असे सांगतात. इथेही थारा लागला नाही; माहुलीस जाऊन अखेर शरण जावे लागले. पुस्तकात ही गोष्ट दीड ओळीत संपते. मी मात्र चाळिशी उलटलेला माणूस, मागे शत्रू नाही, डबा पाठीशी, तरी तीनदा बसलो.

पुढे शिवाजीराजांनी गड घेतला, १६६५ साली तहात दिला, परत मिळविला. ते सर्वांस ठाऊक आहेच.

सोमवारी ती लडबडलेली वहाण वर्गात नेली. यादी त्या दिवशी राहूनच गेली.