बंगळूरच्या अमलातील उमेदवार फौजदार

बंगळूर म्हटले की मराठी वाचकास शहाजीराजांची जहागीर आठवते. परंतु १ नोव्हेंबर १९५६ रोजी चंदगड तालुका वगळून बेळगाव, आणि त्यासोबत धारवाड, विजापूर व कारवार हे जिल्हे मुंबई राज्यातून निघून म्हैसूर राज्यात गेले, तेव्हा नाशिकच्या पोलीस शाळेत कवायत आणि कायदा शिकलेले कितीएक फौजदार एका रात्रीत बंगळूरच्या हुकमतीखाली आले, ही गोष्ट सहसा कोणी ध्यानी घेत नाही.

ज्या राज्यात ते आले तेथे पोलिसांचे कायदेच पाच होते. जुन्या म्हैसूरचा १९०८ चा, मुंबई इलाख्याकडील जिल्ह्यांत १९५१ चा, मद्रासकडून मिळालेल्या मुलखात १८५९ चा, कुर्गात १८६१ चा, आणि गुलबर्ग्याकडे निजामाच्या दप्तरातील फसली १३२९ चा. खुद्द बंगळूरनेही १८८१ पासून १९४७ पर्यंत दोन पोलीस नांदविले होते. पेठेत म्हैसूर दरबारचे आणि छावणीत ब्रिटिश रेसिडेंटाच्या हुकमाचे. पेठेतील फिर्याद कानडीत यावयाची, तर छावणीतील तमिळ अथवा दखनीत.

अशा ठिकाणी नवा अंमलदार तयार कसा होत असे? पूर्वी हा प्रश्नच नव्हता. म्हैसूरचे दिवाण पूर्णय्या यांच्या काळचे कंदाचार शिपाई शेत कसत, बंदोबस्त पाहत आणि प्रसंग पडल्यास लढाईसही जात. त्यांना शाळा कसली! शाळेची आवश्यकता सरकारास खऱ्या अर्थाने पटली ती लॉर्ड कर्झनने १९०२ साली अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या पोलीस कमिशनानंतर. त्या कमिशनाने सुशिक्षित तरुणांस थेट सब-इन्स्पेक्टर, म्हणजेच फौजदार, नेमावे आणि त्यांच्यासाठी इलाखावार शाळा असाव्यात, असे सुचविले. १९०६ साली पुण्याजवळ भांबुर्ड्यास निघालेली शाळा १९०९ मध्ये नाशिकला गेली, ती याच विचाराच्या काळातील.

या सुधारणेत एक विलक्षण पेच मात्र राहून गेला, आणि माझ्या मते आजतागायत तो सुटलेला नाही. शाळेतून बाहेर पडलेला विशीतला फौजदार ठाण्यात आला की ज्याच्याकडून त्याने काम शिकावयाचे तो हवालदार, जुन्या म्हैसुरात ज्यास दफेदार म्हणत तो, हुद्द्याने त्याच्या हाताखालचा असे. म्हणजे शिष्याने गुरूस हुकूम द्यावयाचा आणि गुरूने सलाम ठोकून शिकवावयाचे.

शाळा दंडविधानाची कलमे पाठ करवून घेई. परंतु मुद्देमाल जप्त करताना पुडक्यावर दोरा कसा आवळावा, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी लाखेच्या मोहरेखाली कशी दाबून बसवावी, मोहर लावल्याचा उल्लेख पंचनाम्यात त्याच वेळी कसा करावा, हे त्या वृद्ध हवालदाराच्या शेजारी बसल्यावाचून कळत नसे. चिठ्ठी बाहेर राहिली तर पुडके मागाहून उघडले असावे, असा आरोप वकिलाने केलाच म्हणून समजावे. तीच गोष्ट ठाण्याच्या डायरीची. नोंद ज्या क्रमाने घडले त्या क्रमाने, वेळेसह, मध्ये कोरी जागा न सोडता लिहावयाची. कारण मागाहून घुसडलेली ओळ कोर्टात सर्वप्रथम दिसते. आणि कबुलीचा मोह तर नव्या माणसास हटकून पडावयाचा. पोलिसापुढील कबुलीजबाब पुराव्यात चालत नाही, हे शाळेत ऐकलेले असे. पण केवळ कबुलीवर न विसंबता तिच्या आधारे लपविलेला माल पंचांसमक्ष कसा काढावा, ही खुबी अनुभवी माणूसच दाखवी. अर्थात मारहाण, बनावट पंच, हप्ता हेही याच वाटेने पुढल्या पिढीस पोचले, हे नमूद केले पाहिजे; कमिशनांस शाळा अधिक प्रिय वाटते ती याचमुळे.

१९६३ साली बंगळूरला पोलीस कमिशनर आला, पुणे व नागपूर यांच्या दोन वर्षे आधी. त्याच सालच्या नव्या कायद्याने पाच कायद्यांच्या जागी एक ठेवला. आज राज्याच्या फौजदारांची अकादमी म्हैसूरला आहे, आणि शिपायांची जुनी शाळा लाखेच्या खेळण्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या चन्नपट्टणात. अकादमीतून निघालेल्या उमेदवारास अजूनही एखाद्या ठाण्यास जोडतात, आणि पहिला पंचनामा तो बहुधा हवालदाराच्या सांगण्यावरूनच लिहितो.